पट्टा ओरडतो, काटा सांगतो
जुन्या मोटारीच्या दोन तक्रारी आणि त्यांचे निदान

वैशाखाचे ऊन आणि लग्नसराई एकत्र आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक देखावा हमखास दिसतो. कडेच्या लिंबाखाली जुनी मोटार उभी, बॉनेट उघडे, वाफ निघते आहे आणि मंडळी पाण्याची घागर शोधत आहेत. २०१२ च्या मे महिन्यात ही पाळी आमच्यावर आली.

आमच्याकडे जुनी डिझेल अॅम्बेसेडर होती. बहिणीचे दिवस भरले होते. तिला घेऊन आम्ही आर्णीहून यवतमाळला निघालो. गाडीचा पंख्याचा पट्टा पंधरा दिवसांपासून सकाळी सकाळी ओरडत होता. कुणी सांगितले म्हणून त्याला साबण चोळला, आणखी कुणी सांगितले म्हणून कसून ओढला. त्या दिवशी अर्ध्या वाटेवर पाण्याचा काटा वर चढला आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला. बाबा म्हणाले, "पाय, काटा उतरला. इंजन थंडं झालं. चाल पुढं."

दोन मैलही गेलो नसू, तोच इंजिन बंद पडले. मागून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी थांबवून बहिणीला घेतले, म्हणून वेळ निभावली. मुलगी सुखरूप झाली. इंजिनाला मात्र दोन-तीन क्विंटल कापसाचे पैसे लागले. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, काटा काही खोटं नाही बोलला. पाणीच नव्हतं, तं तो माप कशाचं सांगन?"

त्या एका वाक्यात सारे आले. काटा ज्या बोंडावरून चालतो ते बोंड इंजिनाच्या पाण्यात बुडालेले असते. पाणी संपले की ते कोरडे पडते आणि काटा खाली येऊ शकतो. म्हणून चढलेला काटा कारण नसताना एकदम उतरला, तर आनंद मानू नये. गाडी तिथेच उभी करावी.

एक पट्टा, तीन कामे

जुन्या जीपमध्ये आणि अॅम्बेसेडरमध्ये एकच पट्टा तीन कामे करतो. तो पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो आणि बॅटरी भरणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटरही फिरवतो. मारुती ८०० मध्ये पंखा विजेच्या मोटरीवर चालतो, पण पाण्याचा पंप पट्ट्यावरच असतो. म्हणजे पट्ट्याचा आवाज आणि काट्याचे चढणे या बहुधा एकाच घरच्या तक्रारी असतात. पिठाच्या चक्कीचा पट्टा घसरला की दळण अडते, तसे इथे पाण्याचे फिरणे अडते.

आवाज ओळखावा कसा?

प्रथम इंजिन बंद करावे. पट्ट्याचा सर्वांत लांब भाग मधोमध अंगठ्याने दाबावा. साधारण अर्धा इंच दबला तर ताण ठीक. जास्त दबला तर पट्टा ढिला आहे. मुळीच दबत नसेल तर तो फाजील ओढला आहे, आणि त्याने पंपाचे बेअरिंग लवकर जाते. पट्टा उलटून आतली बाजू पाहावी. भेगा पडल्या असतील किंवा काचेसारखी चकाकी आली असेल तर नवा घालावा. साबण, ग्रीस, तेल काहीही लावू नये.

मग इंजिन सुरू करून लांबूनच बाटलीने पट्ट्यावर थोडे पाणी उडवावे. धोतर, पदर, ओढणी, गमछा आवरून घ्यावा आणि मुलांना दूर ठेवावे. पाण्याने आवाज वाढला तर पट्टा ढिला. क्षणभर थांबून पुन्हा आला तर चाके एका ओळीत नाहीत. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगवर संशय घ्यावा. अशा वेळी पट्टा काढून थंड इंजिन अर्धा मिनिट चालवावे, जास्त नाही. आवाज गेला तर दोष पंपात किंवा डायनॅमोत. इंजिन बंद करून दोन्हींची चाके हाताने फिरवावीत. खरखर लागली, चाक हलले किंवा पंपाखालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकताना दिसले, तर रोगी सापडला. आमच्या गाडीत हेच झाले होते. आम्ही पट्ट्याला दोष देत राहिलो आणि मरत होता पंप.

काटा खरा की खोटा?

पाण्याचा आणि तेलाच्या टाकीचा असे दोन्ही काटे एकदम वर गेले, तर इंजिन तापले असेलच असे नाही. काट्यांना वीज देणाऱ्या भागात दोष असू शकतो. तरी पाणी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एकटा पाण्याचा काटा शंकास्पद वाटला तर थंड इंजिनावर किल्ली चालू करून बोंडाची तार काढावी. काटा थंडाकडे राहिला पाहिजे. तीच तार क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली की काटा गरमकडे गेला पाहिजे. बहुतेक जुन्या गाड्यांत असेच असते. दोन्ही बरोबर झाले तर काटा व तार ठीक, बोंड बदलावे.

काटा खरा ठरला तर गाडी केव्हा तापते ते पाहावे. उभी असताना तापते आणि धावताना थंड होते, तर दोष हवेचा. पंखा व पट्टा पाहावा. वेगात किंवा चढावर तापते, तर बहुधा दोष पाण्याचा. रेडिएटर आतून तुंबला असेल किंवा थर्मोस्टॅट उघडत नसेल.

आपल्याकडे याचे मोठे कारण बोअरचे जड पाणी. पातेल्याच्या बुडाशी जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट मिसळून घालावे. हंगामात कापसाची तूस व वाळले गवत जाळीत अडकते. ते इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारून काढावे.

रस्त्यात तापली तर

गाडी सावलीत लावून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण उघडू नये. तो वाफ कोंडलेला कुकर आहे, तोंड भाजेल. वरच्या रबरी नळीवर हात ठेववेल इतके थंड होईपर्यंत थांबावे. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, लोखंड तडकते.

घरात बाळंतीण, आजारी माणूस किंवा म्हातारे असेल तर गाडी केव्हा लागेल याचा नेम नसतो. म्हणून रोज सकाळी इंजिन थंड असतानाच पाणी पाहावे आणि पट्टा दाबून बघावा. पाच मिनिटांचे काम आहे. पंधरा दिवस ओरडणाऱ्या पट्ट्याकडे आम्ही एकदा जरी नीट पाहिले असते, तर बहिणीला भर उन्हात रस्त्यावर उभे राहावे लागले नसते.