विंचू चावला, हातपाय गार का पडले?

लाल विंचू चावल्यावर काही जणांची डंखाची जागा रात्रभर ठणकते, पण सकाळी माणूस ठीक असतो. काहींना मात्र उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि बीपी झपाट्याने चढतं. जिवाला धोका असतो तो या दुसऱ्यांना. डंख पायाच्या बोटाला झालेला असताना दोन्ही तळहात गार का पडावेत?

विंचवाचं विष मज्जातंतूंवरचे सोडियमचे मार्ग वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे सिम्पथेटिक मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतच राहतात आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन. ही द्रव्यं मुळात विषारी नाहीत. आपण अंथरुणातून उठून उभे राहतो तेव्हा मेंदूला रक्त कमी पडू नये म्हणून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन थोडं सुटतंच. विंचूदंशात ते बेसुमार सुटतं, एवढाच फरक.

पण एकच अ‍ॅड्रिनॅलिन कुठे रक्तवाहिनी आवळतं, तर कुठे सैल करतं. याचा उलगडा अमेरिकेतल्या जॉर्जियात काम करणाऱ्या रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ साली केला. फरक द्रव्यात नाही, पेशीवरच्या रिसेप्टरमध्ये आहे, असं सांगून त्यांनी रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले. आज पायाभूत मानला जाणारा हा निबंध एका नियतकालिकाने आधी नाकारला होता! त्वचा, आतडी, मूत्रपिंड इथल्या बारीक धमन्यांवर अल्फा-१ रिसेप्टर भरपूर असतात, आणि ते आवळण्याचं काम करतात. हातापायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या वाहिन्यांवर बीटा-२ असतात, ते वाहिनी सैल करतात. हृदयाचे ठोके वाढवतात ते बीटा-१.

नॉरअ‍ॅड्रिनॅलिन अल्फा-१ ला चिकटलं की वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशीत एक साखळी सुरू होते. आतल्या बाजूचं जी-प्रोटीन जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं, आणि शेवटी पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडतं. कॅल्शियम वाढलं की पेशी आकसते. हे स्नायू वाहिनीभोवती गोलाकार असल्याने आतली वाट अरुंद होते. किती अरुंद, याला फार महत्त्व आहे, कारण रक्ताला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या फक्त दहा टक्के कमी झाली तरी अडथळा दीडपट होतो. निम्मी झाली तर सोळापट. बीपी मिनिटांत का चढतं, ते या हिशोबात दिसतं. तळहात गार पडतात, कारण त्वचेकडचं रक्तच अडलेलं असतं.

आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. ही गोळी नेमकी अल्फा-१ ची जागा अडवते. हातपाय पुन्हा गरम होईपर्यंत ती ठरावीक अंतराने देतात. म्हणजे वाहिन्या सैल झाल्याची खूण रुग्णाच्या तळहातावरच मिळते. स्वस्त औषध, साधी तपासणी, आणि जिथे मृत्यू नेहमीचे होते तिथे ते तुरळक झाले. ग्रामीण वैद्यकातली इतकी स्वच्छ कामगिरी मला तरी क्वचितच दिसते. इथे बीटा रिसेप्टर अडवणारा बीटा-ब्लॉकर मात्र घातक ठरू शकतो. तो सैल करणारे बीटा-२ बंद करतो, अल्फा-१ मोकाट राहतात, शिवाय थकलेल्या हृदयाचा जोरही कमी होतो.

मग रोजच्या उच्च रक्तदाबावर हीच गोळी का नाही? तिथेही सिम्पथेटिक मज्जातंतूंचा वाटा असतो, पण मूत्रपिंड, मीठ आणि जाड होत गेलेल्या वाहिन्या हेही कारणीभूत असतात. अमेरिकेतल्या ‘ऑलहॅट’ या मोठ्या चाचणीत डॉक्साझोसिन या अल्फा-ब्लॉकरचा गट २००० साली मुदतीआधीच थांबवावा लागला; लघवी वाढवणाऱ्या साध्या गोळीच्या तुलनेत त्या गटात हृदय निकामी होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. म्हणून अल्फा-ब्लॉकर आज पहिल्या पसंतीचे नाहीत.

प्रोस्टेटसाठी मात्र ते अनेक वयस्कर पुरुषांना चालू असतात. उभं राहताना वाहिन्या आवळायला हव्यात, तेच ही गोळी थोपवते आणि चक्कर येते. तेव्हा रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. आणि बीपी असेल तर सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. नाक मोकळं करणारी त्यातली काही औषधं याच अल्फा-१ वाटेने वाहिन्या आवळतात.