फुलबॅकचा भाव काय?

७८ लाख रुपये. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, तेव्हा सगळ्यात मोठी बोली या आकड्यावर थांबली. आणि ती लागली कोणावर? गोल अडवायला ठेवलेल्या माणसावर! भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग, जागा फुलबॅकची. गोल मारणं हेच ज्यांचं काम, ती पुढच्या फळीतली मंडळी त्याच्या मागे राहिली.

वाशिमच्या कट्ट्यावर यावरून वाद घालायचा तर आधी हिशेब हवा.

पंधरातले दहा

पॅरिस ऑलिंपिक, २०२४. भारताने आठ सामन्यांत १५ गोल केले, त्यांतले १० एकट्या हरमनप्रीतचे. अख्ख्या स्पर्धेत कोणाचेच इतके नव्हते. आयर्लंडला २-० हरवलं, दोन्ही त्याचे. कांस्यपदकासाठी स्पेनला २-१ हरवलं, तेही दोन्ही त्याचेच. न्यूझीलंडविरुद्ध जिंकून देणारा गोल ५९व्या मिनिटाला, अर्जेंटिनाशी बरोबरी साधणाराही ५९व्याच मिनिटाला. सामना असतो साठ मिनिटांचा.

आता शंकेखोरांची बाजू. या दहांपैकी सात गोल पेनल्टी कॉर्नरवर आले, तीन पेनल्टी स्ट्रोकवर. चालत्या खेळातला एकही नाही. कॉर्नर मिळवायला धावायचं पुढच्यांनी आणि नाव व्हायचं मागच्याचं!

शंका बरोबर, पण अर्धी. मागे असा खात्रीचा ड्रॅगफ्लिक मारणारा असला की पुढच्यांचा खेळच बदलतो. डीमध्ये शिरल्यावर गोलची वाट सापडली नाही, तर ते समोरच्याचा पाय शोधतात. चेंडू त्याच्या पायाला लागला की कॉर्नर. हे ठाऊक असल्यामुळे समोरचा बचावपटूही बिचकत स्टिक घालतो.

मग त्याला कॉर्नरपुरताच का आणत नाहीत?

कारण नियम आडवा येतो. पेनल्टी कॉर्नर मिळाल्यापासून तो संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. सवलत आहे ती फक्त बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकासाठी, तीही तो जखमी झाला किंवा बाहेर काढला गेला तर. एके काळी बाकावरचा बहाद्दर ऐन वेळी आत येई, फटका मारी आणि परत जाऊन बसे. ते लाड बंद झाले. आता कॉर्नर मिळेल तेव्हा तो आधीपासून मैदानात हवा, म्हणजे उरलेला सगळा वेळ त्याने बचाव करत काढायला हवा.

वाशिमच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सोयाबीनच्या तासांमध्ये तुरीची तासं घालतात, तसंच हे. फुलबॅकचा बचाव म्हणजे सोयाबीन, त्याचे गोल म्हणजे तूर. तुरीने वर्ष तारल्याची उदाहरणं चिक्कार, पण म्हणून सोयाबीन वाऱ्यावर सोडून कोणी तुरीची वाट बघत नाही.

आणि तूरही दरवर्षी लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये विश्वचषक ओडिशात झाला. हाच हरमनप्रीत, हाच फ्लिक, पण कॉर्नर काही लागेनात. घरच्या मैदानावर भारत संयुक्त नववा.

४६० मिलिमीटरची करामत

कॉर्नरवर पहिला फटका सरळ हिट असेल, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरच्या वर चालत नाही. गोलच्या तळाशी असलेल्या फळीची उंची तेवढीच. फ्लिकला मात्र ही अट नाही आणि गोलची उंची आहे २.१४ मीटर. चेंडू स्टिकवर ओढत नेऊन भिरकावणारा ड्रॅगफ्लिक एवढा मोलाचा झाला तो या फरकामुळे.

अर्जेंटिनाचा सोन्या, जर्मनीचा जगज्जेता

या धंद्यातला सगळ्यात चटकदार माणूस म्हणजे गोन्झालो पेयाट, हाही बचावपटू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ११ गोल करून स्पर्धेत पहिला आला आणि अर्जेंटिनाला सुवर्ण मिळालं. पुढे गडी जर्मनीकडून खेळू लागला. २०२३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि जर्मनी विश्वविजेता झाला. भारतातल्या लिलावात त्याला ६८ लाख मिळाले ते उगाच नाही.

पॅरिसच्या उपांत्य सामन्यात तो भारतासमोर उभा होता. आपल्याकडे मात्र अमित रोहिदास नव्हता. ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं होतं, त्यामुळे पुढच्या सामन्याला बंदी. कॉर्नर सुटताच जिवावर उदार होऊन फ्लिकवर धावून जाणारा पहिला रशर म्हणजे रोहिदास. पेयाटने कॉर्नरवर गोल केला, भारत २-३ हरला. रोहिदास असता तर? सांगता येत नाही. पण धावून जाऊन अडवलेला फ्लिक गोलांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते फुलबॅकचं मोल ठरवताना सगळी गफलत इथेच होते.

बर्फावरचा हिशेब

आईस हॉकीवाल्यांनी यासाठी एक आकडा शोधला, प्लस-मायनस. खेळाडू बर्फावर असताना आपले किती गोल झाले, आपल्यावर किती झाले, त्याची वजाबाकी. समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना, म्हणजे पॉवर-प्लेवर, मारलेले गोल त्यात धरत नाहीत. २०२२-२३ च्या मोसमात सॅन होजेचा बचावपटू एरिक कार्लसन याने गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून १०१ गुण कमावले, सर्वोत्तम बचावपटूचा किताबही पटकावला. त्याचा प्लस-मायनस मात्र उणे २६, आणि संघ तळाच्या घोळक्यात! आता ठरवा त्याचं मोल. बॉबी ऑरच्या बाबतीत असा वाद होत नाही. बचावपटू असून त्याने १९६९-७० आणि १९७४-७५ अशी दोनदा अख्ख्या लीगमध्ये गुणांची बाजी मारली. दुसऱ्या कुठल्या बचावपटूला ते एकदाही जमलेलं नाही.

पटापट

पाकिस्तानचा फुलबॅक सोहेल अब्बास: ३४८ आंतरराष्ट्रीय गोल. भल्याभल्या फॉरवर्डांनी हात जोडावेत.

१९६४, टोकियो. भारताच्या २२ गोलांपैकी १० फुलबॅक पृथिपाल सिंगचे. गंमत म्हणजे अंतिम सामन्यातला एकमेव गोल मोहिंदर लालच्या नावावर आहे. पण तो आला पेनल्टी स्ट्रोकवर, आणि स्ट्रोक मिळाला पृथिपालचा फटका पाकिस्तानी खेळाडूच्या पायाला लागला म्हणून.

२ ऑगस्ट २०२१, पुन्हा टोकियो. महिला संघाने ऑस्ट्रेलियाला १-० हरवून पहिल्यांदाच ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. गोल बचावपटू गुरजीत कौरचा.

२०१६ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये मैदानी गोल दोन गोलांचा धरत आणि कॉर्नरवरचा एकाचाच. नियमाच्या एका ओळीने फुलबॅकचा भाव निम्मा!

कबड्डीने उलट केलं. प्रो कबड्डीत तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना चढाईवाल्याला पकडलं, तर सुपर टॅकलचे दोन गुण. पकडीची किंमत आपल्या विदर्भातल्या पोरांना वेगळी शिकवायला नको. १९३६ मध्ये बर्लिनला ध्यानचंदचा संघ सुवर्ण जिंकत होता, तेव्हा तिथे कबड्डी खेळून दाखवणारं पथक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं होतं.

अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके, दोघी साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या, दोघी क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या, दोघी भारताच्या वरिष्ठ संघाकडून खेळलेल्या. काम बचाव आणि मधल्या फळीतलं, म्हणजे ज्याचा फोटो क्वचित छापून येतो असं.

आणि चालत्या खेळात फुलबॅकला गोल जमत नाही असं अजूनही वाटत असेल, तर सप्टेंबर २०२४ चा आशियाई चॅम्पियन्स करंडक बघा. अंतिम सामना, समोर यजमान चीन, ५० मिनिटं झाली तरी गोल नाही. ५१व्या मिनिटाला चेंडू घेऊन डीमध्ये शिरला हरमनप्रीत. सगळे त्याच्याकडे बघत राहिले आणि त्याने पास दिला जुगराज सिंगला. जुगराजने गोल केला, १-० ने करंडक आपला. पास देणारा बचावपटू, गोल मारणाराही बचावपटू, आणि कॉर्नरचा पत्ताच नाही.