जुनी स्टोरेज पेटी नव्या कंट्रोलरमागे

नवी स्टोरेज सिस्टीम आली म्हणून जुनी लगेच भंगारात काढायची गरज नसते. जुनीतले व्हॉल्यूम फायबर चॅनेल स्विचमार्गे नव्या कंट्रोलरला जोडता येतात. सर्व्हरला ते नव्याचेच वाटतात. आयबीएमचा ‘सॅन व्हॉल्यूम कंट्रोलर’ हे काम 2003पासून करतो. हिताचीने 2004मध्ये ‘टॅगमास्टोअर’मध्ये ही सोय आणली.

जोडताना आधी सर्व्हरवरचं काम थांबवून जुन्या व्हॉल्यूमशी त्याची असलेली जोडणी काढायची. मग स्विचवर झोनिंग: दोन्ही पेट्यांच्या पोर्टांचे 16 अंकी हेक्साडेसिमल डब्ल्यूडब्ल्यूएन (पोर्टचे ओळख क्रमांक) एका झोनमध्ये. त्यानंतर जुन्या पेटीत तो व्हॉल्यूम नव्या कंट्रोलरला मॅप करायचा, तोही किमान दोन स्वतंत्र मार्गांनी.

खरी मेख पुढेच आहे. आयबीएमच्या यंत्रणेत भरलेला व्हॉल्यूम ‘इमेज मोड’मध्येच, म्हणजे आतला डेटा जसाच्या तसा ठेवून, घ्यावा लागतो. घाईघाईत तो कोऱ्या डिस्कसारखा पूलमध्ये टाकला, की आतला डेटा गेलाच म्हणून समजा. (बॅकअप घेतलाय ना?) मग सर्व्हर नव्या कंट्रोलरला जोडून काम पुन्हा सुरू करायचं. डेटा नव्या डिस्कवर नंतर सावकाश, काम चालू असतानाच हलवता येतो. मात्र तोवर जुनी पेटी बंद पडली, तर तिच्यावरचे व्हॉल्यूमही बंद. म्हणून स्थलांतर पूर्ण होईपर्यंत तिचा देखभाल करार मोडू नका.