बोरीवरचा पूल आणि चाळीस मैलांचा षट्कोन

पॅसिफिकमधल्या दुसऱ्या महायुद्धावर संगणकी युद्धखेळ पुष्कळ निघाले. रसदीचा बारकाईने हिशेब ठेवणारा खेळ म्हटला की त्यांत गॅरी ग्रिग्सबी यांच्या ‘वॉर इन द पॅसिफिक’चं नाव हमखास निघतं. खेळ 2004चा, त्याची सुधारित ‘ॲडमिरल्स एडिशन’ 2009ची. यात इंधनाचा हिशेब वेगळा, दाणागोटा-दारूगोळ्याचा वेगळा. बंदर लहान असेल तर माल उतरवायला वेळ मोजावा लागतो. नकाशावर हिंदुस्थानही आहे. हा नकाशा षट्कोनांत विभागलेला असून सुधारित आवृत्तीत एक षट्कोन 40 मैलांचा, म्हणजे साठ किलोमीटरांहून मोठा. रूळ किंवा सडक असली की रसद जमिनीवरून आपोआप पुढे सरकते.

सोलापूर ते नळदुर्ग अंतर सुमारे 45 किलोमीटर. म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातली एक निर्णायक सकाळ अशा एका षट्कोनात गडप होते.

नळदुर्ग, 13 सप्टेंबर 1948

हैदराबाद संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता, चहूबाजूंनी भारत. भारताशी झालेला ‘जैसे थे’ करार मोडकळीला येत गेला तशी नाकेबंदी आवळली. तेव्हा सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी चोरून शस्त्रं आणू लागला. पण विमानातून बंदुका येतात. अख्ख्या संस्थानाला रोज लागणारं पेट्रोल आणि मीठ येत नाही.

संस्थानावरच्या भारतीय लष्करी कारवाईची, म्हणजे पोलीस ॲक्शनची, मुख्य धडक मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून निघाली. रणगाडे, तोफा, ट्रक, सगळा भार हैदराबादच्या एका सडकेवर, आणि ती सडक नळदुर्गला बोरी नदी ओलांडते. या पाण्याची किंमत आदिलशाहीलाही ठाऊक होती. किल्ल्याच्या तटातच बोरीला बांध घालून 1613 साली बांधलेला पाणीमहाल आजही पाहायला मिळतो.

सप्टेंबर म्हणजे नद्या भरून वाहण्याचा महिना. पूल उडवला गेला असता तर मागचे रणगाडे आणि ट्रक सडकेवरच तुंबले असते. सातव्या ब्रिगेडने वेगाने मुसंडी मारून पूल शाबूत ताब्यात घेतला. मग दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्च्यांवर हल्ला चढवला. सकाळी नऊला चिलखती तुकडी जळकोटात होती, दुपारी सव्वातीनला उमरग्यात, सरहद्दीपासून 61 किलोमीटर आत.

त्याच पहाटे दुसरी तुकडी तुळजापुरात शिरली. दोन तासांच्या झुंजीनंतर गाव हाती आलं, पण पुढे लोहाऱ्याच्या वाटेवर नदीला पूर आलेला. तुकडी थांबली. एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात, एका नदीने वाट दिली आणि दुसरीने अडवली.

कुर्डुवाडीची चढउतार

जिल्ह्याची दुसरी वाट रुळांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि येडशी, ढोकी करत 1911 साली लातूरला पोचली. रुळांची रुंदी 2 फूट 6 इंच. इंजिन असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर 5 टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे कॅलथ्रॉपचं गणित. त्यामुळे हलके रूळ, स्वस्त पूल, आणि तरीही भरपूर माल.

पण कुर्डुवाडीला 5 फूट 6 इंचांची मोठी लाइन (ब्रॉडगेज) भेटे. लातूर-बार्शीचा कापूस मुंबईला जायचा तर इथे छोट्या वाघिणीतून उतरवून मोठीत चढवणं भाग. गाठीत लोखंडी आकडा रुतवायचा, पाठ वाकवायची, दोन वाघिणींमध्ये टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत पलीकडे जायचं. लाइन दिवसाला किती माल नेते हे इंजिनाइतकंच या फळीवर ठरायचं. कारण हमाल कमी पडले की भरलेल्या वाघिणी साइडिंगला उभ्या राहणार, आणि त्या रिकाम्या होईपर्यंत बार्शीत भरायला वाघीण मिळणार नाही.

हीच अडचण 1944 साली महायुद्धाच्या गळ्याशी आली. कलकत्त्याहून ब्रॉडगेज पार्वतीपूरपर्यंत. तिथे माल मीटरगेजवर चढवायचा, अमिनगाव-पांडूला ब्रह्मपुत्रा ओलांडायची, मग दिमापूर. जपान्यांना रोखणाऱ्या इंफाळ-कोहिमाच्या फौजेची भिस्त या वाटेवर. 1 मार्च 1944 रोजी अमेरिकी रेल्वे पलटणींनी या लाइनचा 804 मैलांचा भाग चालवायला घेतला. त्याच महिन्यात याच आघाडीवर सांगशाकला वेढ्यात सापडलेल्या एका ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढत होती. पाण्याची टंचाई, आणि विमानातून टाकलेला बराच दारूगोळा जपान्यांच्या हद्दीत पडत होता. रसद दिमापूरपर्यंत आली म्हणजे खंदकात पोचली असं होत नाही.

खेळ बनवायचाच तर

40 मैलांचा षट्कोन ही खेळाची चूक नव्हे. अर्ध्या पृथ्वीचा नकाशा मांडायचा तर काहीतरी गाळावंच लागतं. पण गाळला जातो तो सांधा: पूल, फळी, नदीचा उतार. 1948च्या मोहिमेवर मराठीत खेळ झाला तर षट्कोन फार तर पाच मैलांचा असावा. पूल शाबूत मिळतो की नाही याला फासा असावा, पावसाळ्यात प्रत्येक नदीला वेगळा फासा. गेज बदलणाऱ्या स्टेशनात किती माल रोज हलेल हे तिथल्या हमालांच्या संख्येवर ठरावं.

कुर्डुवाडीचा सांधा प्रत्यक्षात 2008 साली मिटला. लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली आणि बार्शी लाइटने कधी न गाठलेल्या धाराशिव शहराला मार्ग वळवून रेल्वे मिळाली. आता लातूरची वाघीण मध्ये न उघडता थेट मुंबईला जाऊ शकते. लाइनची ताकद मोजताना मैलांआधी असे सांधे मोजावेत.