आगीशी सामना : लेखांक 6
जवानाचं पाऊल का अडखळतं?

मागच्या लेखांकात धूर जिन्यातून कसा वर चढतो ते पाहिलं. आज त्याच जिन्याने वर जाणाऱ्या अग्निशमन जवानाच्या पायांकडे पाहू.

नगरच्या केडगावात पुणे रस्त्याच्या आजूबाजूला आता अपार्टमेंट वाढली आहेत. तिसऱ्या मजल्यावर आग लागली, तर लिफ्टचा भरवसा धरता येत नाही. जाड कोट-पँट, हेल्मेट, बूट आणि पाठीवर हवेच्या सिलिंडरचा बीए सेट (श्वसनयंत्र) हे सगळं मिळून 20 ते 25 किलो भरतं. हातातला होज, म्हणजे पाण्याचा पाइप, वेगळाच. नेप्तीच्या कांदा मार्केटमधला हमाल याहून जड गोणी वाहतो; पण त्याला जमीन दिसते, मोकळी हवा मिळते आणि गोणी टाकली की पाठ रिकामी होते. जवानाला यातलं काहीच मिळत नाही.

सिलिंडरमुळे शरीराचा तोल मागे आणि वर सरकतो. तो सावरायला जवान पुढे झुकतो, पावलं आखूड टाकतो आणि दोन्ही पाय जमिनीवर जास्त वेळ ठेवतो. मास्कमुळे पायाखालचं नीट दिसत नाही. उंबरा किंवा पडलेला होज ओलांडताना पुढचा पाय अंदाजाने पलीकडे जातो, मागचा अडकतो. बूट जड असतील तर त्रास आणखी वाढतो, कारण पायातलं एक किलो वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. पाठीवरच्या एक किलोपेक्षा ते कितीतरी जास्त दमवतं.

त्यात उष्णतेची भर पडते. आगीची धग आत येऊ न देणारा कोट अंगातली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. घाम वाळत नाही, नाडी धावते, मांड्या भरून येतात. दमलेला पाय पुरेसा उचलला जात नाही आणि बुटाचं टोक पायरीला लागतं. उतरताना धोका अधिक, कारण प्रत्येक पायरीवर सगळा भार गुडघ्यांनी रोखायचा असतो आणि पायरी तर ओली असते.

म्हणून जवान पडला की ‘लक्ष नव्हतं’ म्हणणं अन्यायाचं आहे. उपाय ठाऊक आहेत. स्टीलऐवजी हलके कंपोझिट सिलिंडर घ्यावेत. बूट मापाचे असावेत. सराव पूर्ण पोशाखात, जिन्यावरच व्हावा. सिलिंडर संपला की दुसरा चढवून लगेच आत पाठवू नये. कोट उघडून, पाणी देऊन, सावलीत बसवावं. त्यासाठी बदली जवान हवेत, म्हणजेच भरती हवी. नगरकरांनी महापालिकेकडे नव्या बंबाइतक्याच आग्रहाने ती मागायला हवी.

आपल्या हातातलं काम मात्र आजच होण्यासारखं आहे. जिन्यातलं चपलांचं स्टँड, सायकल, कुंड्या हलवा. धुरात या वस्तू जवानाला दिसणार नाहीत, आणि तो पडला तर वर अडकलेल्यांची सुटकाही तिथेच थांबेल.

(पुढील लेखांकात : बीए सेटमधली हवा किती वेळ पुरते?)