रेघ वर आलीये की आत गेलीये? गल्ल्यातल्या नाण्यावरची टांकसाळीची चूक ओळखताना

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा पडेल, कारण सगळं काम डोळ्यांचं आहे. वाचता वाचता खिशातलं एखादं नाणं हातात घेतलंत तर अजून चांगलं.

विषय निघाला तो आमच्या मामांमुळं. गेवराईला त्यांचं किराणा दुकान आहे. दिवाळीत गेलो तर त्यांनी गल्ल्याखालून रुमालात गुंडाळलेलं एक नाणं काढलं. पितळी रंगाचं, पाच रुपयांचं. पाचच्या आकड्यापासून थेट कडेपर्यंत एक बारीक, वाकडी रेघ. "बघ बरं, तू इंजिनिअर हायेस ना. याचे तीन लाख येणार हायेत म्हणं." मोबाईलवर जाहिरात बघून मामांनी फोटो पाठवला होता. समोरच्यानं आधी नोंदणीचे पैसे घेतले, मग कसल्याशा टॅक्सचे, मग कुरिअरचे. तिसऱ्यांदा पैसे गेल्यावर फोन बंद. किती गेले ते मामी घरात असल्यामुळं मामांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मला नाण्यांमधलं तेव्हा काही कळत नव्हतं. पुण्याला परत आल्यावर शनिवार-रविवार यातच घातले. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी नाणं पडतं कसं ते बघू. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या चकत्यांची कड दाबून थोडी उचलतात, तापवून मऊ करतात, धुतात. मग चकती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती एक कडं असतं आणि वरून दणका बसतो. ठशावर चित्र उलटं आणि खोल कोरलेलं असतं, त्यामुळं नाण्यावर ते सुलटं आणि उठावदार येतं. म्हणजे ठशावरचा खड्डा हा नाण्यावरचा उंचवटा. हे एवढं एक वाक्य डोक्यात ठेवा, अर्धं काम झालं.

का, ते सांगतो. असंख्य दणके खाऊन पोलादी ठशाला तडा जातो. तडा म्हणजे खाच. पुढच्या दणक्याला नाण्याचा धातू त्या खाचेत घुसतो आणि नाण्यावर उठलेली रेघ येते. याउलट, नाणं बाहेर आल्यावर त्यावर खिळा, किल्ली, फरशी काहीही घासलं तर रेघ आत जाते. नाण्यावर ओरखडा काढून कुणालाही धातू वाढवता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न कायम हाच: रेघ वर आलीये की आत गेलीये? मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या अगदी बाजूनं, आडवा धरा. सावली कुठं पडते त्यावरून लगेच कळतं. दहापट भिंग असेल तर उत्तम. एक फसगत मात्र होते. खोल ओरखड्याच्या दोन्ही काठांना थोडा धातू उसवून वर येतो, तो उंचवटा वाटतो. पण त्याच्या शेजारी चर असतोच.

कडेजवळ ठशाचा तुकडाच उडाला तर नाण्यावर तिथं नक्षी नसलेला, गुळगुळीत फुगवटा येतो. असं नाणं उलटून त्याच जागेची मागची बाजू बघा. धातू इकडच्या पोकळीत गेल्यामुळं तिकडची अक्षरं बहुतेक वेळा पुसट असतात. फेव्हिक्विक आणि पावडरनं बनवलेल्या फुगवट्याला हे जमत नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ठशाचा दोष म्हणजे कोडमधला बग. त्या ठशातून नंतर पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो येणार, उलट तडा वाढत जाणार. चकतीचा दोष म्हणजे इनपुटच खराब, तो त्या एका नाण्यापुरता. आणि नाणं बाहेर पडल्यावर जे होतं ते युजरनं फोन पाडल्यासारखं. त्याला टांकसाळ काय करणार?

चकतीच्या दोषात सगळ्यात जास्त फसवाफसवी होते ती 'चावा घेतलेल्या' नाण्यात. पट्टी पुरेशी पुढं सरकली नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि तेवढा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. हे कानशीनं घरबसल्या करता येतं, आणि लोक करतात. मग खरं कसं ओळखायचं? तुटलेल्या भागाच्या अगदी समोरची कड बघा. कड उचलताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब नीट बसत नाही, म्हणून खऱ्या चुकीत समोरची कड बहुधा दबलेली, अर्धवट असते. शिवाय तुटलेल्या भागाजवळची अक्षरं त्या दिशेनं निमुळती होत जातात, कारण दणका बसताना धातू तिकडं सरकलेला असतो. कानशीच्या नाण्यात अक्षर पोळी कापावी तसं सरळ कापलेलं दिसतं आणि समोरची कड एकदम ठणठणीत.

सोनाराकडचा असतो तसा छोटा वजनकाटा असेल तर २०११ च्या मालिकेची वजनं लिहून ठेवा: एक रुपया ३.७९ ग्रॅम, दोन रुपये ४.८५, पाच रुपये ६, दहा रुपये ७.७१. वजन कमी भरलं म्हणजे चूक सिद्ध झाली असं नाही, घासलेलंही कमीच भरतं. पण 'अर्धा भाग कमी आहे' म्हणणाऱ्याचं नाणं पूर्ण वजनाचं निघालं तर प्रश्नच मिटला.

बाकीचं पटापट. आपल्या नाण्याच्या दोन्ही बाजूंची डोकी एकाच दिशेला असतात. वर-खाली चिमटीत धरून पुस्तकाच्या पानासारखं फिरवा, मागची बाजू सरळ दिसली पाहिजे. ती आडवी किंवा उलटी आली तर ठसा फिरला होता. पाच-दहा अंशांचा फरक सर्रास सापडतो, त्यानं हुरळून जाऊ नका. अक्षर गायब असेल तर बहुतेक वेळा ठशात ग्रीस आणि घाण भरलेली असते. तिथला पृष्ठभाग गुळगुळीत हवा, खरडलेला नको. अक्षरं दोनदा दिसत असतील आणि दुसरी सावली पायरीसारखी चपटी असेल, तर तो दणका बसताना ठसा हलल्याचा प्रकार, अगदी सामान्य. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि दुसऱ्यावर त्याची उलटी, खोलगट छाप पडली, तर ती मात्र खरंच बघण्यासारखी चीज. काही विक्रेते तिला लखी म्हणतात.

दहाच्या नाण्याचा आतला गोल उलटा बसवलेलाही विकायला येतो. हातोड्यानं काढून पुन्हा ठोकलेला असतो तो. सांध्याभोवतीचे व्रण शोधा. आणि रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं. बीडला रेल्वे यायला २०२५ उजाडलं, पण परळीच्या पोरांचा हा उद्योग जुना आहे. कृपा करून करू नका.

चूक नसलेल्या गोष्टीही माहीत हव्यात. वर्षाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. 'खूणच नाही, दुर्मिळ आहे' म्हणणारे भेटले की समजून जा. १९९९ च्या पाच रुपयांच्या काही नाण्यांवर मॉस्कोच्या टांकसाळीची खूण आहे, कारण तेव्हा सरकारनं नाणी बाहेरूनही पाडून घेतली होती. दोन रुपयांचं जुनं अकराकोनी नाणं चुंबकाला चिकटत नाही, नंतरचं गोल स्टीलचं चिकटतं. दोन्ही खरी. दहा रुपयांची तर १४ वेगवेगळी डिझाइन आहेत आणि सगळी चालतात, हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलंय. तरी आपल्याकडं दुकानदार पट्ट्या मोजत बसायचे. आजीच्या गाठोड्यात चारमिनारवालं नाणं निघालं तर तेही चुकीचं नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, तो हाली सिक्का.

आता पैशाचं. बारीक तडा, भरलेलं अक्षर, थोडा फिरलेला ठसा यांची किंमत दर्शनी मूल्याच्या फार वर जात नाही. मोठा चावा, अर्धी छाप, लखी यांना संग्राहक चांगले पैसे देतात, पण नाणं हातात घेऊन, भिंगाखाली बघून. घेणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडं मागत नाही. रिझर्व्ह बँकेनंही ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलं शुल्क किंवा कमिशन घेत नाही. चिंचेनं किंवा कोलगेटनं चमकवू मात्र नका. मी एक असंच घालवलंय.

संक्रांतीला पुन्हा गेवराईला गेलो, भिंग घेऊन. मामांच्या नाण्यावर टॉर्च आडवा धरला. रेघ वर आलेली होती, कडेपर्यंत सलग. वर्षाखाली चौकट. म्हणजे मुंबईच्या टांकसाळीतला खराखुरा तडा गेलेला ठसा. फोनवरच्या त्या माणसानं बाकी सगळं खोटं सांगितलं होतं, पण नाणं चुकीचं निघालं खरं.

"मग कितीचं हे?" मामांनी विचारलं.

"हौशी माणूस भेटला तर पन्नास-शंभर. नाहीतर पाच रुपये."

मामांनी ते भिंगातून बराच वेळ बघितलं. मग मामीला हाक मारली आणि तिच्या हातात भिंग दिलं.