पावसाचा अंदाज आणि कंपायलर

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुक्यातली गावे बुडाली. असे पूर आणणाऱ्या पावसाचा अंदाज काढणारी प्रारूपे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंस्थेत महासंगणकांवर चालतात: २०१८ पासून ‘प्रत्यूष’वर, २०२४ पासून ११.७७ पेटाफ्लॉप्सच्या ‘अर्का’वर. भाषा बहुतांशी फोरट्रान, खाली लिनक्स.

अशा प्रारूपासाठी फोरट्रानचा कंपायलर निवडावा लागतो. जीफोरट्रान मोफत आणि सगळीकडे मिळणारा. इंटेलच्या चिपवर इंटेलचा कंपायलर बऱ्याचदा सरस. जुना आयफोर्ट आता बंद, त्याच्या जागी आयएफएक्स, तोही फुकट. एनव्हिडियाचे जीपीयू असतील तर एनव्हीफोरट्रान.

खरी मेख वेगात नाही, अंकांत आहे. इंटेलचा कंपायलर न सांगताच अपूर्णांकांच्या गणितात सूट घेतो; जीफोरट्रान ‘फास्ट-मॅथ’सारखा पर्याय दिल्याशिवाय बेरजेचा क्रम हलवत नाही. क्रम हलला की शेवटचे अंक बदलतात, आणि हवामानाच्या प्रारूपात तो फरक दिवसागणिक फुगतो. त्यामुळे आधी कंपायलरच्या ओ२ या वेगवाढीच्या पातळीवर उत्तर पडताळावे, त्यावरची ओ३ नंतर. प्रारूपाला लागणाऱ्या नेटसीडीएफ आणि एमपीआय या लायब्रऱ्यासुद्धा त्याच कंपायलरने बांधलेल्या हव्यात. एका कंपायलरच्या ‘मॉड’ (मोड्यूलच्या) फाइली दुसरा सहसा वाचत नाही.